'सुख कळले' आणि श्रावणीचं वाट पाहणं

लग्नाच्या मांडवात, एसटीत, गटाच्या मीटिंगमध्ये कुणाच्या तरी मोबाईलवर 'सुख कळले' वाजतं आणि आपण गुणगुणायला लागतो. आज त्याच गाण्यामागची गोष्ट.

सिनेमा 'वेड'. ३० डिसेंबर २०२२ ला लागला. दिग्दर्शक रितेश देशमुख, म्हणजे आपल्या लातूरजवळच्या बाभळगावचा. त्याचं दिग्दर्शन हे पहिलंच. श्रावणीचं काम त्याच्याच बायकोनं, जिनिलियानं केलं. संगीत अजय-अतुलचं, आवाज श्रेया घोषालचा. याच मंडळींच्या 'जोगवा'तल्या 'जीव रंगला'साठी श्रेयाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.

गोष्ट मात्र लातूरची नाही. देगलूर, बिलोली, धर्माबादकडच्या बायांना हे आधीच ठाऊक असेल, तिकडं तेलुगू समजणाऱ्या कितीतरी जणी आहेत. २०१९ साली 'मजिली' नावाचा तेलुगू सिनेमा आला, विशाखापट्टणमात घडणारा. त्यावरून 'वेड' केला. मराठीत गाणी नवी झाली, पण नायिकेचं नाव श्रावणीच राहिलं.

ही श्रावणी शेजारच्या सत्यावर लहानपणापासून जीव टाकते. सत्याचा जीव दुसरीवर, निशावर. निशा दुरावते, सत्याचं क्रिकेट सुटतं, दारू लागते. अशा माणसाशी श्रावणी आपणहून लग्न करते आणि वर्षानुवर्षं वाट पाहते. शेवटी तो वळतो. सिनेमाच तो, वळणारच.

आमच्या केंद्रावर यावरून चांगलंच वाजलं. एक ताई म्हणाल्या, "किती सोसलं बिचारीनं, डोळ्यांतलं पाणी थांबेना." दुसरी फटकन म्हणाली, "पिणाऱ्याची वाट बघून कुणाचं भलं झालंय? आपल्या गल्लीत दाखव." आम्हाला दुसरीचं पटलं. गाणं गोड आहे, पण त्या गोडीत श्रावणीची ती सगळी वर्षं दिसेनाशी होतात. आपल्याकडच्या बाया निव्वळ वाट पाहत बसलेल्या नाहीत. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की गावातलं दारूचं दुकान बंद होतं, ही सोय महाराष्ट्रात बायांच्या रेट्यामुळंच आली.

आणि एकतर्फी प्रेमाचं गाणं आपल्याला काही सिनेमानं शिकवलं नाही. पहाटे जात्यावर बसलेल्या बायांनी ते कधीचं गायलंय. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात भाऊ आहे, आई आहे, बाबासाहेब आहेत, आणि सीता तर पुन्हा पुन्हा येते. रामावर एवढी माया करूनही दिवस गेलेले असताना वनात धाडलेली सीता. जात्यावरच्या बाया तिच्या बाजूनं बोलतात, रामाला जाब विचारतात. तिथं सोसणं आहे, पण ते मुकाट नाही. आता घरोघरी पिठाची गिरणी झाली, ते बरंच झालं, खांदे तरी वाचले. ओवी मात्र जात्याबरोबर कोपऱ्यात पडली.

तुमच्या आईची, आजीची सीतेवरची किंवा नवऱ्यावरची ओवी आठवत असेल तर केंद्रावर या. सासूबाईंनाही आणा. चाल विसरली असली तरी चालेल, आम्ही रेकॉर्ड करून घेऊ.