शेजारच्या एदलाबादचा आवाज

डोईफोडियाच्या आम्हा मराठी घरांना एदलाबाद, म्हणजे आजचे मुक्ताईनगर, परके नाही. सोयरिकी तिकडच्या, मुक्ताईचे दर्शनही तिकडेच. तिथून १९६७ ते १९८५ आमदार राहिलेल्या प्रतिभाताई पाटील २५ जुलै २००७ रोजी संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये राष्ट्रपतिपदाची शपथ घेऊन बोलल्या. अशा भाषणात देशाची थोरवी येतेच, तशी आली. पण पहिल्या महिला राष्ट्रपतींनी कुपोषण, बालमृत्यू आणि स्त्रीभ्रूणहत्या यांचीही नावे घेतली. आपल्याकडे जे माजघरात दबक्या आवाजात बोलायचे, ते थेट देशासमोर! आमच्या मते त्या भाषणाचे बळ इथेच आहे. टीव्हीसमोर बसलेल्या आमच्या थोरल्या काकू पदर सावरत एवढेच म्हणाल्या, “बाई खरं बोलली.”