मनाचा गुरुजी

मंडळी, १६३० सालचा दुष्काळ. देहूच्या तुकोबांचा व्यापार बुडाला. थोरली बायको उपाशी गेली, मुलगाही गेला. या साऱ्याची आपल्याला लाज वाटली, असे ते स्वतःच अभंगात सांगतात. आता पाहा, पाऊस काही त्यांनी अडवला नव्हता! पुढे लोकांकडच्या येण्याचे कागद त्यांनी इंद्रायणीत सोडले, अशी परंपरा आहे. स्वतःला मात्र पतित, पापी म्हणत ते झोडपीतच राहिले. पण त्याच गाथेत मन प्रसन्न करण्याचा अभंग आहे. त्यात मनच गुरू आणि मनच शिष्य. गुरुजी, तुम्हांला सांगायला नको, छडीपुढे पोर गप्प होते, पण म्हणून त्याला गणित येत नाही. पीक बुडालेल्या साली रात्री स्वतःलाच बोल लावीत पडलेल्या गड्याला हा अभंग जरूर म्हणून दाखवा.