चाक किती फेरे सोसते?

मोटारीची मूळची चाके काढून त्यांच्या जागी दुसरी, अधिक रुंद, अधिक हलकी आणि अर्थातच अधिक देखणी चाके बसवण्याची हौस जुनी आहे. ताकदवान स्पोर्ट्स कारच्या मालकांना ती विशेष असते. चाके निवडताना बहुतेक जण तीन गोष्टी पाहतात : चाक दिसते कसे, किंमत किती आणि ते बसते का. चाक टिकेल का, हा चौथा प्रश्न सहसा विचारला जात नाही. धातूचे चाक ते, टिकणारच, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत चुकीचे आहे हे माणसाला कळले ते मोटारीच्या जन्माच्याही चाळीसेक वर्षे आधी, आणि ते कळण्यासाठी मोठी किंमत मोजावी लागली. म्हणून मोटारीच्या चाकाची ही हकिगत आपल्याला रेल्वेपासून सुरू करावी लागेल.

८ मे १८४२, रविवार. फ्रान्सचा राजा लुई फिलिप याच्या सन्मानार्थ व्हर्सायच्या बागांमध्ये सोहळा झाला होता. तेथून पॅरिसकडे परतणारी गर्दीने भरलेली गाडी म्यूदाँजवळ आली असताना पुढच्या इंजिनाचा आस, म्हणजे चाकांना जोडणारा दांडा, मोडला. इंजिन कोसळले, मागचे इंजिन आणि डबे त्यावर चढले आणि भट्टीतल्या निखाऱ्यांनी लाकडी डब्यांना आग लागली. त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे डब्यांची दारे बाहेरून बंद केलेली होती. ५० हून अधिक माणसे गेली. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन सुखरूप परतलेला दर्यावर्दी ड्युमाँ द'उर्व्हिल त्यांत होता, बायको आणि मुलासह.

चौकशी करणाऱ्यांना कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की, त्या आसावर त्या दिवशी काही जगावेगळा भार नव्हता. रोजचाच भार त्याने रोजच्यासारखा वाहायला हवा होता. मोडलेल्या आसांची तोंडे चकचकीत आणि दाणेदार दिसत. त्यावरून असा समज पसरला की, सततच्या हादऱ्यांनी तंतुमय लोखंडाचे स्फटिक बनतात आणि ते ठिसूळ होते. हा समज पुढे कित्येक दशके टिकला. आजही एखाद्या गॅरेजमध्ये तो ऐकायला मिळतो. लोखंड मुळातच स्फटिकमय असते, त्याला नव्याने स्फटिक बनण्याची गरज नाही. विल्यम रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने १८४३ साली, वयाच्या अवघ्या बावीस-तेविसाव्या वर्षी, वेगळी गोष्ट दाखवली. आसाची जाडी जेथे एकदम बदलते, त्या कोनदार खांद्यापाशी बारीक चीर पडते आणि ती हळूहळू आत सरकत जाते. शेवटी भार पेलायला पुरेसा धातू उरला नाही की आस मोडतो. रँकिनचा उपाय साधा होता : खांद्याचा कोपरा गोलवा.

पण किती भार, किती वेळा? हे आकड्यांत मांडले जर्मनीतल्या ऑगस्ट व्होलर याने. तो प्रशियातील एका रेल्वेत अभियंता होता आणि १८५० च्या दशकापासून १८७० पर्यंत त्याने या एका प्रश्नाचा पिच्छा पुरवला. त्याचे यंत्र समजायला सोपे आहे. एक गोल दांडा फिरता ठेवायचा आणि त्याच्या टोकाला वजन लावून तो किंचित वाकवायचा. दांड्याचा वरचा पृष्ठभाग ताणला जातो, खालचा दाबला जातो. अर्धा फेरा झाला की ताणलेला भाग खाली येऊन दाबला जातो. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात धातूच्या प्रत्येक कणाला एकदा ओढ आणि एकदा दाब. तार पुढेमागे वाकवून तोडण्याचा प्रयोग आपण सगळ्यांनी केलेला आहे, पण तेथे आपण तार कायमची वाकेल इतका जोर लावतो. व्होलरने दाखवले की, दांडा जराही कायमचा वाकत नाही इतक्या कमी जोरानेही, फेरे पुरेसे झाले की, तो तुटतो. जोर कमी केला की फेऱ्यांची संख्या वाढत जाते. लोखंडाच्या बाबतीत एका मर्यादेखाली मात्र तो कितीही फेरे सोसतो. धातूच्या या गुणाला आपण शिणवटा म्हणू. शिणण्याची सुरुवात कशी होते ते १९०३ साली यूइंग आणि हम्फ्री यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले : लोखंडाच्या स्फटिकांत आधी घसरणीच्या बारीक रेघा उमटतात आणि त्यांतूनच चिरा जन्म घेतात.

आता मोटारीकडे येऊ. टायरचा परीघ सुमारे २ मीटर धरला, तर १ किलोमीटरला चाकाचे ५०० फेरे होतात. २०,००० किलोमीटरला १ कोटी. चाकाच्या प्रत्येक आऱ्यावर इतक्या वेळा ताण येतो आणि जातो. मोटारीचे चाक म्हणजे व्होलरचे यंत्रच, फक्त आत माणसे बसलेली.

सुरुवातीच्या वेगवान मोटारींची चाके तारांची होती. ही कल्पना इंग्लंडच्या जॉर्ज केली याने १८०८ सालीच विमानाच्या चाकासाठी टिपून ठेवली होती. आपल्या बैलगाडीच्या चाकात तुंब्यावरचा भार खालच्या आऱ्यांवरून जमिनीला पोचतो. आरे दाबले जातात आणि तापवून चढवलेली लोखंडी धाव थंड होताना आवळून सगळे एकत्र धरते. तारांच्या चाकाचे याच्या उलट आहे. बारीक तार दाब सोसू शकत नाही, ती वाकते. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून ठेवतात. भार आला की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो आणि त्या फरकावर गाडी उभी राहते. (सायकल उलटी ठेवून खालच्या-वरच्या तारा छेडून पाहाव्यात आणि मग कोणाला तरी सायकलवर बसवून पुन्हा छेडाव्यात, खालच्या तारांचा स्वर उतरलेला कानाला कळतो.) मोटारींची ताकद वाढत गेली तशा या तारा सैल पडू लागल्या, तुटू लागल्या आणि त्यांची देखभाल जिकिरीची झाली.

एत्तोरे बुगाटी याने ऑगस्ट १९२४ मध्ये ल्योंच्या ग्रां प्री शर्यतीत आपली 'टाइप ३५' मोटार उतरवली, ती ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकांसह. आठ चपटे आरे, आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला. ॲल्युमिनियम उष्णता भराभर वाहून नेते, त्यामुळे ब्रेक थंड राहत आणि चाक काढले की ब्रेकची तपासणीही होई. त्या शर्यतीत बुगाटीला टायरांनी रडवले, चाकांनी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत टेड हॅलिब्रँड याने विमानधंद्यातला अनुभव वापरून इंडियानापोलिसच्या शर्यतींसाठी मॅग्नेशियमची चाके ओतली. मॅग्नेशियमची घनता १.७४, ॲल्युमिनियमची २.७ आणि पोलादाची ७.८ च्या आसपास. स्प्रिंगच्या खालचे वजन जितके कमी तितके चाक खड्ड्यातून चटकन सावरते, म्हणून हलक्या चाकाचा हव्यास निव्वळ हौसेचा नाही हे मान्य केले पाहिजे. पण मॅग्नेशियम गंजते. शर्यतीतले संघ चाके वरचेवर तपासतात आणि ठरावीक वापरानंतर बाद करतात. तेच चाक रस्त्यावरच्या मोटारीला बसवणारा माणूस मात्र ते वर्षानुवर्षे वापरतो.

ओतकामाची आणखी एक अडचण आहे. वितळलेला धातू थिजताना त्यात बारीक पोकळ्या राहतात. १९६३ च्या कॉर्व्हेट मोटारीसाठी जाहीर झालेली ॲल्युमिनियमची चाके सच्छिद्र निघाली; त्यांतून टायरची हवा गळे, आणि ती ग्राहकांना नीट मिळायला पुढचे वर्ष उजाडले. हवा गळणे तरी दिसते. जी पोकळी पृष्ठभागापर्यंत येत नाही ती आऱ्याच्या पोटात लपून राहते, आणि रँकिनच्या कोनदार खांद्याचे काम तीच करते. यावर एक उत्तर पोर्शे कंपनीने ९११ एस या १६० अश्वशक्तीच्या मोटारीला १९६६ साली दिले. ओटो फुक्स कंपनीची ही पाच पाकळ्यांची चाके ओतलेली नव्हती. ॲल्युमिनियम मिश्रधातूचा तापवलेला गट्टू प्रचंड दाबाखाली टप्प्याटप्प्याने घडवून ती केलेली होती. घडाईत पोकळ्या मिटतात. या चाकांच्या रूपाची नक्कल पुढे अनेकांनी केली आणि त्यांतल्या कित्येक नकला ओतीव आहेत. शेजारी शेजारी ठेवली तर डोळ्यांना फरक कळणे कठीण. ओतीव चाक वाईटच असते असे आम्हाला म्हणायचे नाही. जगातली बहुसंख्य मिश्रधातूची चाके ओतीवच आहेत आणि ती चांगली चालतात. पण चाकाचा आकार सारखा असला म्हणून त्याचे आयुष्यही सारखेच असेल असे नाही.

शिवाय ॲल्युमिनियममध्ये एक उणीव आहे. लोखंडाची ती सुरक्षित मर्यादा, जिच्याखाली कितीही फेरे चालतात, ती ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना नाही. लहानसा ताणही हिशेबात जमा होत राहतो. म्हणून असे चाक किती फेऱ्यांसाठी तपासले आहे हे विचारावेच लागते. संयुक्त राष्ट्रांच्या १२४ क्रमांकाच्या नियमात बदली चाकांसाठी जी चाचणी आहे ती व्होलरने पाहताक्षणी ओळखली असती. चाकाची कड घट्ट पकडतात, तुंब्याला एक लांब दांडा जोडतात आणि त्या दांड्यावर फिरते वाकवणारे बल लावतात. किती बल? समजा, एका चाकावर जास्तीत जास्त ४५० किलो भार येतो, म्हणजे सुमारे ४४०० न्यूटन. वळणावर टायर रस्त्याला धरतो त्याचा घर्षणांक ०.९ धरतात. टायरची त्रिज्या ०.३१ मीटर आणि चाकाचे बैठकीपासूनचे अंतर ०.०४५ मीटर असेल, तर परिबल ४४०० × (०.९ × ०.३१ + ०.०४५), म्हणजे सुमारे १४३० न्यूटन-मीटर. एवढ्या परिबलाखाली हलक्या मिश्रधातूच्या चाकाने १८ लाख फेरे काढले पाहिजेत, आणि त्याच्या दीडपट परिबलाखाली २ लाख. अमेरिकेत आणि जपानमध्ये याच धर्तीची मानके आहेत. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियामध्येही चाकांच्या शिणवट्याच्या चाचण्या होतात.

या सूत्राकडे जरा निरखून पाहिले की ताकदवान मोटारीची खरी अडचण दिसते. शर्यतीच्या धर्तीचे चिकट टायर १ पेक्षाही जास्त घर्षणांक देतात. म्हणजे ज्याने असे टायर घातले त्याने चाचणीतले ०.९ हे गृहीतच ओलांडले. आणि भार? हलक्या मोटारीसाठी तपासलेले चाक जड मोटारीला बसते, पण त्याच्या मागच्या बाजूला कोरलेला कमाल भार मोटारीच्या भरलेल्या वजनाला पुरेलच असे नाही. ९११ सारख्या मोटारीत इंजिन मागे असल्याने निम्म्याहून बराच अधिक भार मागच्या दोन चाकांवर येतो. एकूण वजनाला चाराने भागून तेथे चालत नाही. चाक मोठे आणि टायर बुटका करण्याचीही किंमत आहे. २०५/५५ चा १६ इंची टायर आणि २२५/४० चा १८ इंची टायर यांचा बाहेरचा व्यास जवळपास सारखा, ६३२ आणि ६३७ मिलिमीटर. पण टायरच्या भिंतीची उंची ११३ वरून ९० मिलिमीटरवर येते. खड्ड्याचा धक्का जिरवायला तेवढे कमी रबर उरते. अशा धक्क्याने वाकलेले चाक ज्योतीने तापवून सरळ करून देणारे कारागीर सगळीकडे भेटतात. १९०६ साली आल्फ्रेड विल्म याला आढळले की, तापवून पाण्यात बुडवलेला ॲल्युमिनियमचा एक मिश्रधातू काही दिवस नुसता ठेवला तरी कडक होत जातो. आजच्या चाकांचे बळ अशाच काळजीपूर्वक तापवण्या-निववण्यातून येते. ज्योत लागली की त्या जागेपुरते ते बळ जाते. चाक गोल दिसते, पण त्या जागी ते पूर्वीचे राहिलेले नसते.

राहता राहिले बसण्याचे. चाकाची भोके ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास पोर्शेला १३० मिलिमीटर, कोणाला ११२, कोणाला ११४.३. शेवटच्या दोहोंत फरक फक्त २.३ मिलिमीटरचा, त्यामुळे जोर केला तर नट चढतातही, पण बोल्ट कायमचे वाकून राहतात. मधल्या भोकाचे तसेच. ते हबच्या गोल ओठावर नेमके बसले तर चाक मध्यावर येते. मोठे असेल तर नेमक्या मापाचे कडे घालावे लागते, नाहीतर चाक थरथरते. चाक बाहेर काढण्यासाठी जाड चकत्या घालणारे पुष्कळ आहेत, पण चकतीमुळे बेअरिंगवरचे परिबल बदलते आणि नटाला बोल्टचे आटे कमी मिळतात. नटाची बैठक कोठे शंकूसारखी, कोठे चेंडूसारखी गोल. एकीचा नट दुसरीत घातला तर तो एका बारीक रेघेवरच टेकतो. मोटारीचा भार खरे म्हणजे बोल्ट अडवून धरत नाहीत. नटांनी आवळलेल्या दोन पृष्ठभागांमधले घर्षण तो पेलते. त्या आवळण्याला जुन्या ९११ साठी १३० न्यूटन-मीटर हा आकडा ठरलेला होता. नव्या चाकाचा रंग नटाखाली दबतो आणि पकड ढिली होते, म्हणून पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क रेंच घेऊन नट पुन्हा एकदा तपासायचे असतात.