थेम्स बंदरातील चोऱ्या व न्यायव्यवस्था

अठराव्या शतकात लंडन शहराच्या पूर्वेस थेम्स नदीच्या दोन्ही काठांवरील बंदर-विभागात होणारी मालाची किरकोळ चोरी आणि तिला आळा घालण्यासाठी निर्माण झालेले कायदे, न्यायपद्धती व पोलीसयंत्रणा यांचा इतिहास. उत्तर काठावरील वॉपिंग, शॅडवेल व लाइमहाउस आणि दक्षिण काठावरील रॉदरहाइद व डेटफर्ड या वस्त्यांत खलाशी, नावाडी, हमाल, पिंपे बांधणारे कारागीर व त्यांची कुटुंबे राहत. श्रमिकाचा रूढ हक्क कोठे संपतो आणि चोरी कोठे सुरू होते, हा या इतिहासातील मूळ प्रश्न होय. शतकाच्या अखेरीस त्याचा निकाल मालधन्यांच्या बाजूने लागला.

बंदर व श्रमिक : परदेशी माल उतरविण्यासाठी लंडन पूल व टॉवर यांच्या दरम्यानचे मोजकेच धक्के सोळाव्या शतकात अधिकृत ठरविण्यात आले होते. अठराव्या शतकात व्यापार कित्येक पटींनी वाढला; धक्क्यांची लांबी मात्र जवळजवळ तेवढीच राहिली. परिणामी जहाजे नदीच्या मध्यभागी नांगर टाकून उभी राहत आणि माल पडावांतून धक्क्यावर आणावा लागे. वेस्ट इंडीजमधून येणारी साखरेची व रमची पिंपे जागेअभावी कित्येक दिवस उघड्यावर पडून असत. माल उतरविण्याचे काम मुकादम ठेक्याने घेत व रोजच्या रोज मजूर लावीत. साध्या मजुराची दिवसाची मजुरी सु. दोन शिलिंग असे; पण काम अनिश्चित असल्याने अनेक दिवस रिकामे जात.

रूढ वाटा : रोख मजुरीला मालाच्या लहानशा वाट्याची जोड असावी, अशी बंदरातील जुनी समजूत होती. फुटक्या पिंपातून सांडलेली साखर झाडून घेणे, तंबाखूचा चुरा उचलणे, कोळसा उतरविणाऱ्याने थोडा कोळसा घरी नेणे, या गोष्टींना श्रमिक हक्क मानीत. डेटफर्डच्या सरकारी गोदीत सुतारांना लाकडाच्या ढलप्या नेण्याची मुभा होती. या सवलतींना निश्चित मर्यादा नसल्याने त्यांचा दुरुपयोगही होई. ढलप्यांच्या नावाखाली चांगल्या फळ्या कापल्या जात. झाडलोटीत अधिक साखर मिळावी म्हणून पिंपे मुद्दाम फोडली जात. ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून जहाजावरून टाकलेल्या वस्तू वेचणारे गरीब लोक, रात्री पडाव लुटणाऱ्या टोळ्या आणि चोरीचा माल विकत घेणारे दुकानदार अशी या व्यवहाराची साखळी होती. लाच घेऊन डोळेझाक करणारे जकातखात्यातील काही कर्मचारीही तीत सामील असत. संघटित लूट व पोटासाठी उचललेली मूठभर साखर यांत नैतिक दृष्ट्या मोठे अंतर होते. कायद्याने ते क्वचितच ओळखले.

कायदा व शिक्षा : इंग्लंडच्या तत्कालीन कायद्यात बारा पेन्सपर्यंतची चोरी किरकोळ मानली जाई व तिला बहुधा फटक्यांची शिक्षा असे. त्याहून अधिक किंमतीची चोरी तत्त्वतः देहांत शिक्षेस पात्र होती. तथापि पहिल्या गुन्ह्यास धर्मोपदेशकांना मिळणाऱ्या जुन्या सवलतीचा आधार घेऊन बहुतेक आरोपी फाशीतून सुटत. अनेक विशिष्ट चोऱ्यांच्या बाबतीत संसदेने ही सवलत काढून घेतली. १७५१ च्या कायद्याने नौकानयनास योग्य अशा नदीतील जहाजातून किंवा तिच्या धक्क्यावरून ४० शिलिंग वा अधिक किंमतीचा माल चोरणाऱ्यास फाशीची तरतूद केली. ही रक्कम मजुराच्या तीन आठवड्यांच्या कमाईहून थोडी अधिक होती. १७१८ च्या कायद्यानुसार अनेक चोरांना सात वर्षांसाठी अमेरिकेतील वसाहतींत हद्दपार केले जाई. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धामुळे हा मार्ग खुंटल्यावर, १७७६ पासून कैद्यांना थेम्समध्येच वुलिचजवळ मोडक्या जहाजांवर ठेवून सक्तमजुरीस लावण्यात आले. १७८७ मध्ये कैद्यांचा पहिला जहाजी तांडा ऑस्ट्रेलियाकडे निघाला.

न्यायदान : गंभीर खटले ओल्ड बेली न्यायालयात ज्यूरीपुढे चालत. सरकारी फिर्यादीची व्यवस्था नसल्याने ज्याचा माल गेला त्यानेच खटला चालवावा लागे. खटले बहुधा काही मिनिटांत निकालात निघत. आरोपीच्या वतीने ज्यूरीपुढे भाषण करण्याची मुभा वकिलास १८३६ पर्यंत नव्हती. मात्र कायदा कठोर असला, तरी ज्यूरी अनेकदा दयाळू असे. आरोपीचा जीव वाचावा म्हणून मालाची किंमत जाणूनबुजून ३९ शिलिंग किंवा त्याहून कमी ठरविली जाई. विधिज्ञ विल्यम ब्लॅकस्टन (१७२३–८०) याने अशा निर्णयांना सद्हेतूने केलेला शपथभंग मानले आहे. त्यामुळे आरोपीचा जीव साक्षीपुराव्याइतकाच बारा नागरिकांच्या मर्जीवर अवलंबून राही.

याउलट, लहान प्रकरणांत ज्यूरीची दया उपलब्ध नव्हती. १७६२ च्या कायद्याने नदीवर फिरत्या विक्रीच्या होड्यांची नोंदणी सक्तीची केली आणि संशयास्पद माल बाळगणाऱ्यास दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याची तरतूद केली. माल प्रामाणिकपणे मिळाल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवरच पडे. मजुराजवळ पावती नसे. त्याच्याजवळ केवळ रूढी असे, आणि रूढी हा पुरावा मानला जात नसे.

नदी पोलीस : लंडनमधील दंडाधिकारी पॅट्रिक कहून (१७४५–१८२०) याने नदीवरील चोऱ्यांमुळे वर्षाला सु. पाच लाख पौंडांचे नुकसान होते व सु. ११,००० श्रमिक त्यांत गुंतलेले आहेत, असा अंदाज मांडला. पोलीसदलाची आवश्यकता पटविण्यासाठी दिलेले हे आकडे सावधपणेच घ्यावे लागतात. जॉन हॅरिअट (१७४५–१८१७) याची योजना, तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅम याचे विधिविषयक साहाय्य आणि वेस्ट इंडीजशी व्यापार करणाऱ्या व्यापाऱ्यांचा व मळेवाल्यांचा पैसा यांच्या बळावर २ जुलै १७९८ रोजी वॉपिंग येथे नदी पोलीस कचेरी सुरू झाली. गस्त घालण्याबरोबरच मजूर नेमणे, मजुरीचे दर ठरविणे व ती वाटणे, ही कामेही कचेरी करी. माल लपविता येईल असे सैल कपडे व चोरखिसे यांवर बंदी आली. रोख मजुरी हीच श्रमाची एकमेव किंमत, हे तत्त्व अशा रीतीने अंमलात आले. ज्या साखरेच्या रक्षणासाठी हा खर्च झाला, ती वेस्ट इंडीजमध्ये कोणतीही मजुरी न मिळणाऱ्या गुलामांच्या श्रमांतून निघे. चोरी कशास म्हणावे हे ठरविणाऱ्यांनी या अपहाराचा विचार केला नाही.

श्रमिकांचा विरोध लवकरच उघड झाला. १६ ऑक्टोबर १७९८ रोजी कोळसा नेल्याबद्दल दोन कोळसा-हमालांना प्रत्येकी ४० शिलिंग दंड होताच मोठा जमाव कचेरीवर चालून गेला. दंगलीत पोलिसांच्या गोळीने एक दंगेखोर ठार झाला व पोलिसांच्या बाजूचा गेब्रिएल फ्रँक्स जखमी होऊन पुढे मरण पावला. त्याच्यावर गोळी झाडणारा निश्चित झाला नाही. परंतु दंगलीत पुढाकार घेतल्याबद्दल जेम्स एअर्स याला खुनाच्या आरोपावरून फाशी देण्यात आली. दंड झालेल्या हमालांपैकी एक त्याचा भाऊ होता.

परिणाम : १८०० मध्ये संसदेने कायदा करून हे दल सरकारी केले; १८३९ मध्ये ते लंडनच्या महानगर पोलिसांत विलीन झाले. डेटफर्डसह सर्व सरकारी गोद्यांतील ढलप्यांचा हक्क १८०१ मध्ये रद्द होऊन त्याबद्दल रोख भत्ता मिळू लागला. १८०२ मध्ये उंच भिंतींनी वेढलेली वेस्ट इंडिया गोदी खुली झाली आणि माल व वस्ती यांची फारकत झाली. १८२७ मध्ये मोठी व किरकोळ चोरी हा जुना कायदेशीर भेद नष्ट करण्यात आला. फाशीच्या धाकापेक्षा नियमित पहारा, वेळेवर रोख मजुरी व बंदिस्त गोदी हे उपाय अधिक परिणामकारक ठरले, यात शंका नाही. मात्र त्याबरोबरच बंदरातील गरिबांचा एक जुना आधार तुटला. अलीकडील इतिहासकारांनी ओल्ड बेलीच्या छापील वृत्तांतांच्या आधारे या श्रमिकांची बाजू पुढे आणली आहे. त्यामुळे या चोऱ्यांकडे केवळ गुन्हेगारीचा नव्हे, तर मजुरीच्या इतिहासाचाही एक भाग म्हणून पाहिले जाते.