जॉर्ज पर्किन्स मार्श : राजकारण आणि भाषाविचार

अमेरिकन राजकारणात जॉर्ज पर्किन्स मार्श (१८०१-१८८२) याचे स्थान दुय्यमच होय. व्हरमाँट राज्यातील हा वकील १८४३ ते १८४९ या काळात व्हिग पक्षातर्फे काँग्रेसमध्ये होता. मेक्सिकोशी झालेल्या युद्धास त्याने विरोध केला व स्मिथसोनियन संस्थेच्या उभारणीस हातभार लावला. भाषाभ्यासकांस मात्र तो निराळ्या वाटेने भेटतो. १८३८ साली त्याने रास्कच्या आधारे प्राचीन आइसलँडिक भाषेचे व्याकरण सिद्ध केले, आणि १८५८-५९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात इंग्रजी भाषेवर व्याख्याने दिली.

या दोन वाटा जेथे मिळतात तेथेच त्याचा पहिला मोठा दोष आढळतो. १८४३ साली मिडलबरी कॉलेजातील व्याख्यानात त्याने न्यू इंग्लंडमधील स्वातंत्र्यप्रीतीचे मूळ तेथील लोकांच्या गॉथिक वारशात शोधले. भाषाकुल म्हणजेच वंश, आणि वंश म्हणजेच स्वभाव, हे समीकरण त्या काळी विद्वन्मान्य होते. ('आर्य' या संज्ञेचे पुढे काय झाले, हे वाचकांस सांगणे नलगे.)

१८४७ मध्ये रटलंड परगण्यातील शेतकऱ्यांपुढे बोलताना हाच गृहस्थ वंशाकडे नव्हे, डोंगराकडे पाहतो. रान तुटले की पाऊस जमिनीत मुरत नाही, पूर येतात आणि उन्हाळ्यात ओढे आटतात, हे त्याने स्वतःच्या प्रदेशात पाहिले होते. पुढे तुर्कस्तानातील व १८६१ पासून इटलीतील राजदूतपदामुळे भूमध्य समुद्राभोवतालच्या उजाड भूमी त्याच्या दृष्टीस पडल्या. १८६४ च्या 'मॅन अँड नेचर' या ग्रंथात रोमन साम्राज्यातील सुपीक प्रांतांच्या ऱ्हासाचे कारण तो जुलमी राज्यव्यवस्था आणि मनुष्याने केलेली भूमीची नासाडी यांत शोधतो. तेथे कर्ता गॉथ वा रोमन नसून मनुष्य आहे. व्याकरणकाराची पुरावा तपासण्याची शिस्त येथे खरी फळास आली, असे माझे मत आहे. त्याचे सारेच पूर्वग्रह गळाले असे मात्र नव्हे. कॅथलिक पंथाविषयीची कटुता १८७६ च्या त्याच्या पुस्तकातही कायम आहे.

इटलीतील राजदूतपद त्याने अखेरपर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे, सांभाळले. जुलै १८८२ मध्ये फ्लॉरेन्सजवळील व्हालोम्ब्रोझा येथे, इटलीच्या वनविद्यालयाच्या परिसरात, त्याचे निधन झाले. त्याचा सुमारे बारा हजार ग्रंथांचा संग्रह व्हरमाँट विद्यापीठास मिळाला.