हातानं पारखायचा दगड

रामटेकला जाणाऱ्या माणसाला मनसरच्या आसपास काळ्या मातीचे ढीग दिसतात आणि तो पुढे जातो. मनसर, कांद्री, गुमगाव या मँगनीजच्या मोठ्या खदानी. त्यांची नोंद सगळीकडे सापडते. पण या भागात शेताच्या बांधाला लागून ठेकेदारांनी काही वर्षं खणलेले आणि मग सोडून दिलेले लहान खड्डेही आहेत. आज त्यांत पाणी साचलेलं असतं, कडेला बाभळी. आमच्या आजीचं तरुणपण अशाच एका खदानीत दगड फोडण्यात गेलं.

"दगड डोळ्यानं नाई पाहाचा, हातानं पाहाचा," ती सांगायची. पुरुष सुरुंगाचं भोक पाडायचे. एकजण पहार धरून फिरवायचा, दुसरा घन मारायचा. सुरुंग उडाला की ढिगाऱ्यातला माल बायांपुढे यायचा. तो हातोडीनं मुठीएवढा फोडायचा, चांगला एकीकडे, टाकाऊ दुसरीकडे. ब्राउनाइट हे इथलं मुख्य खनिज पाण्याच्या पावणेपाच पट जड, तर गारगोटी अडीच पटींहून थोडीच जास्त. त्यामुळे नुसती गारगोटी हातात येताच कळते. घोटाळा व्हायचा तो तांबूस ठिपक्यांच्या दगडाचा. त्यात मँगनीजचं गार्नेट असतं आणि तेही चार पटींहून जड. तिथे आजी दगड पुन्हा फोडायची आणि ताजी बाजू उन्हात धरायची. पोलादी काळी चकाकी दिसली तर माल, नारिंगी-तपकिरी दाणे चमकले तर फेक. बोटांना शाई लागल्यासारखा काळा रंग चढला तर तो पायरोलुसाइट, मऊ आणि मौल्यवान. ही नावं तिला ठाऊक नव्हती, पण तिची निवड सहसा चुकत नसे. मजुरी ढिगाच्या मापावर मिळायची. मुकादम काठीनं उंची मोजायचा आणि ढीग पोकळ रचला असेल तर पायानं पाडायचा. पाडलेला ढीग पुन्हा रचण्याचे पैसे कोणी देत नसे, हे सांगताना इतक्या वर्षांनीही तिचा आवाज चढायचा.

तिनं फेकलेल्या त्या ठिपक्यांच्या दगडाला भूशास्त्रात मोठा मान आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या ल्युइस फर्मर यांनी देशभरातलं मँगनीज फिरून पाहिलं आणि 1909 मध्ये त्यावर प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. गारगोटी आणि मँगनीज-गार्नेटच्या या खडकाला त्यांनी गोंडांवरून गोंडाइट म्हटलं. एका प्राचीन समुद्राच्या तळाशी वाळू आणि चिखलाबरोबर मँगनीज साचलं, पुढे तो सगळा थर खोल गाडला गेला आणि उष्णतेनं, दाबानं पालटला. जिथे वाळू-चिखल मिसळला होता तिथे गोंडाइट झाला, जिथे मँगनीज जवळपास निर्भेळ होतं तिथे खनिजाचा पट्टा. आमच्या शेजारच्या काचूरवाहीच्या लहानशा खाणीत फर्मर यांना असं एक खनिज मिळालं की सूक्ष्मदर्शकाखाली ते एका दिशेनं गुलाबी आणि दुसरीनं आकाशी दिसतं. ते ब्लॅनफोर्डाइट. एवढ्याशा गावाला जगाच्या खनिजशास्त्रात जागा आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आजीच्या आठवणीतला सुगीचा काळ म्हणजे "कोरियाची लढाई". लहानपणी मला वाटायचं, नागपूरकडच्या खेड्यातल्या बाईला कोरिया कुठून माहीत? पोलाद बनवताना त्यातला प्राणवायू आणि गंधक काढायला मँगनीज लागतंच. 1949 च्या सुमारास रशियानं अमेरिकेला होणारा पुरवठा आखडला, लगेच 1950 मध्ये कोरियात युद्ध पेटलं, आणि अमेरिकेच्या भट्ट्या भारताकडे वळल्या. इथल्या बांधावरचे खड्डेसुद्धा रात्री कंदिलाच्या उजेडात चालू लागले. बैलगाड्यांची रांग स्टेशनापर्यंत. मग भाव पडले. पुढे ब्राझील आणि गॅबॉनचा माल बाजारात आला. एका पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरलं आणि ते उपसायला ठेकेदारानं पंप आणलाच नाही. खदान बंद झाल्याचं कोणी कोणाला सांगितलं नाही.

आजीच्या नात्यातला एक तरुण मग दुसरीकडे भुयारी खदानीत ड्रिलवर लागला. कोरड्या दगडात ड्रिल, समोर धुळीचा लोट. काही वर्षांनी तो कारण नसताना हसू लागला. चेहरा थिजलेला, चाल कोंबड्यासारखी चवड्यांवर. पुढे कसाबसा चालायचा, पण मागे एक पाऊल टाकायला सांगितलं की सरळ पाठीवर पडायचा. गावानं बाहेरचं झालं म्हणून अंगारे लावले. मँगनीजच्या धुळीनं चाल बिघडवणारा हा आजार ग्लासगोतल्या कूपर या डॉक्टरांनी मँगनीज दळणाऱ्या कामगारांत पाहून 1837 मध्येच लिहून ठेवला होता. ते ज्ञान शंभरहून अधिक वर्षांत त्या भुयाराच्या तोंडापर्यंत पोचू नये, याचा राग मला आजही आवरत नाही.

आजीचा धाकटा भाऊ, आमचे मामाआजोबा, आजीच्या त्या जुन्या खड्ड्यावर मेट, म्हणजे मजुरांच्या टोळीचे प्रमुख, होते. त्यांचं ठाम म्हणणं असे की माल संपला नव्हताच. पट्टा पूर्वेकडे बारीक होत गेला म्हणून ठेकेदार घाबरला. तो पट्टा शेजारच्या तळ्याखालून वळून परत येतो आणि वळणावर जाड होतो. आम्ही पोट्टे हसायचो. कॉलेजात भूशास्त्र शिकताना कळलं की देवलापारच्या परिसरात हे थर एकमेकांवर उलटून पडल्याचं डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी 1936 मध्येच दाखवलं होतं. इथले खडक गोधडीसारखे पुन्हा पुन्हा दुमडलेले आहेत. बाजूंना मँगनीजचा थर ताणून पातळ होतो आणि घडीच्या वळणात गोळा होऊन जाड होतो. मामाआजोबांनी नकाशा पाहिला नव्हता. त्यांनी फक्त बाजूचा दगड कोणत्या दिशेला कलतो हे रोज पाहिलं होतं, आणि ठेकेदाराला तळ्याच्या पलीकडे, जुन्या मोहाच्या झाडाजवळ, एक चर खणायला सांगितलं होतं. तो चर अजून कोणी खणलेला नाही.