आजीचा जाड चष्मा आणि डोळ्यातलं भिंग



आपल्या आज्या मोतीबिंदू काढून आल्या, की नाकावर सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा यायचा. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. पायरी चुकायची. चष्मा फुटला, की आजी पुन्हा चाचपडत. कारण डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढत, पण त्या जागी दुसरं बसवत नसत.

दुसरं भिंग आलं कुठून? ही गोष्ट इंग्लंडची. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या खिडकीचे तुकडे घुसत. ती काच नव्हती, पर्स्पेक्स नावाचं पारदर्शक प्लास्टिक होतं. आपल्या डोळ्यात साधं कुसळ गेलं तरी डोळा लाल होतो, पण हे तुकडे आत राहूनही डोळा शांत असे. डॉक्टर हॅरॉल्ड रिडली यांनी हे हेरलं आणि त्याच प्लास्टिकचं भिंग करून घेतलं. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रिया केली. भिंग कायमचं बसलं ते पुढच्या फेब्रुवारीत. आणि ती पहिली रुग्ण ४५ वर्षांची एक बाईच होती, बरं का!

डोळ्यात परकी वस्तू घालतात म्हणून मोठमोठे डॉक्टर रिडलींवर रागावले. मान मिळायला कित्येक वर्षं गेली. म्हातारपणी त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही अशीच भिंगं बसली.

आपल्याकडे मात्र परदेशी भिंग गरिबाला परवडेना. मदुराईत डॉक्टर वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये ११ खाटांवर अरविंद नेत्रालय सुरू केलं होतं. त्यांच्याच संस्थेने १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून भिंगं इथेच बनवली आणि किंमत खूप खाली आणली.

आता सरकारी रुग्णालयातही ही शस्त्रक्रिया मोफत होते. तरी आपण बाया म्हणतो, "सुगी होऊ दे, मोतीबिंदू पिकू दे." मैत्रिणींनो, पिकण्याची वाट पाहणं जुन्या पद्धतीचं होतं. आता फार पिकू दिला, तर शस्त्रक्रिया अवघड होते, डोळ्याला धोकाही होतो.

येत्या बैठकीत आपण एवढंच करू. प्रत्येकीने एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर पाहायचं. जिला धूसर दिसेल, तिच्यासोबत दवाखान्यात कोण जाणार, हे तिथेच ठरवू. तिच्या घरच्या भाकरी त्या दिवशी आपण थापू.